एका गोगलगायीची 113 नावं

(हा भाग ऐकायला वेळ नसेल तर खाली पूर्ण मजकूर दिलाय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे खोकले आणि चहाचे ब्रेक काढून टाकलेत.)

हेडफोन लावलेत ना नीट? लोकलमध्ये उभे असाल तर एक हात दांडीला असू द्या, कारण आजची गोष्ट थोडी घसरडी आहे. खडकांची, शेवाळाची आणि गोगलगायींची.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून करते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमची कोकणात सहल गेली होती. सहल म्हणायची, पण होती फील्ड ट्रिप. ओहोटी लागली होती, खडक उघडे पडले होते आणि आम्हाला काम दिलं होतं की जे दिसेल ते ओळखा आणि वहीत नोंदवा. मी खडकाच्या फटीतून रिकामे छोटे शंख गोळा केले. काही गुळगुळीत, काही खरखरीत, काही पट्टेवाले. मी छान तीन ढीग केले, तीन लेबलं लावली आणि अभिमानाने सरांपुढे डबी धरली.

सरांनी डबी हलवून पाहिली आणि विचारलं, "अगं, हे तीन प्रकार आहेत हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "सर, दिसतायत ना वेगळे!"

सर म्हणाले, "तू आणि तुझी बहीण पण वेगळ्या दिसता."

सगळा वर्ग हसला. मी डबी खिशात टाकली. पण तो प्रश्न काही खिशात गेला नाही. दिसायला वेगळं म्हणजे खरंच वेगळं का? आणि दिसायला सारखं म्हणजे एकच का? आज आपण अशा माणसांची गोष्ट ऐकणार आहोत ज्यांनी हाच प्रश्न एका इवल्याशा गोगलगायीबद्दल दोनशेहून जास्त वर्षं विचारला.

एक खुलासा आधीच करते. शाळेच्या पुस्तकात 'स्पीशीज'ला 'जाती' म्हणतात, बातम्यांमध्ये 'प्रजाती'. मी आज 'प्रजाती' म्हणणार आहे. बायोलॉजीच्या मास्तरांनी कृपया मेसेज करू नये.

विष्णूला हजार, हिला एकशे तेरा

आपली नायिका आहे लिटोरिना सॅक्सॅटिलिस. राहते कुठे? उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, स्वीडन, स्पेनचा वरचा कोपरा, पलीकडे अमेरिकेचा पूर्व किनारा. आकार साधारण वाटाण्याएवढा, कधी त्याहून मोठा, कधी मोहरीच्या जवळ जाणारा.

हिची मोठी बहीण म्हणजे लिटोरिना लिटोरिया. ती ब्रिटनमध्ये उकडून, टाचणीने मांस बाहेर ओढून खातात. आपल्याकडे खुबे खातात ना, तसंच. तिला लिनियसने 1758 मध्येच नाव दिलं होतं. आपल्या छोट्या नायिकेला नाव मिळालं 1792 मध्ये, ज्युसेप्पे ऑलिवी या इटालियन अभ्यासकाकडून, तेही व्हेनिसच्या बाजूच्या समुद्रातून. सॅक्सॅटिलिस म्हणजे खडकांत राहणारी. पाचच वर्षांनी, 1797 मध्ये, ब्रिटनमधल्या गोगलगायींवरून मॅटनने हिलाच दुसरं नाव दिलं, 'रुडिस'. आणि मग रांगच लागली.

त्या काळी संग्राहक किनाऱ्यावर जायचे, शंख वेचायचे, कपाटात लावायचे. एखादा शंख जाड दिसला, द्या नाव. एखादा चपटा दिसला, द्या नाव. रेघा आहेत? अजून एक. सागरी जिवांच्या नावांची एक जागतिक यादी आहे. 2015 मध्ये त्या यादीचं काम करणाऱ्यांनी जाहीर केलं की सर्वात जास्त नावं मिळालेला समुद्री जीव हाच: 113 नावं! विष्णूला हजार नावं आहेत हे मान्य, पण तिथे सगळ्यांना माहीत असतं की देव एकच. इथे प्रत्येक नाव देणाऱ्याला वाटत होतं की आपल्याला नवीन काहीतरी सापडलंय.

आता त्या लोकांना हसू नका. कारण ही गोगलगाय खरंच फसवते. तिच्या पिल्लांना पाण्यात तरंगत दूर जाण्याचा टप्पाच नसतो. आई आपल्या पोटातल्या पिशवीत अंडी सांभाळते आणि तयार, कवचवाली, रांगणारी पिल्लं बाहेर सोडते. ती पिल्लं जिथे पडली तिथेच, काही मीटरच्या परिसरात, आयुष्य काढतात. म्हणजे एक खडक हेच गाव. मग जिथे खेकडे जास्त, तिथे मोठं, जाड कवच टिकतं, कारण पातळ कवच खेकडा सहज फोडतो. जिथे लाटांचा मार जास्त, तिथे छोटं, पातळ कवच आणि रुंद तोंड, म्हणजे मोठा पाय बाहेर काढून खडकाला घट्ट चिकटता येतं. दोन्ही खडकांत अंतर किती? कधी कधी आपल्या चाळीच्या गॅलरीएवढं.

कवच बाजूला ठेवा, आत बघा

1970 च्या दशकात ब्रिटिश किनाऱ्यांवर काम करणाऱ्यांनी ठरवलं की नुसतं कवच पाहणं पुरे झालं. 1975 मध्ये जोसेफ हेलर यांनी मांडलं की ज्याला आपण एक म्हणतोय त्यात चार प्रजाती आहेत: रुडिस, पॅट्युला, नेग्लेक्टा आणि नायग्रोलिनिएटा. पॅट्युलावर काही वर्षांतच आक्षेप आला. मग 1978 मध्ये हॅनाफर्ड एलिस यांनी एक नवीनच प्रजाती जाहीर केली. नाव ठेवलं 'आर्काना'. लॅटिनमध्ये अर्थ, लपलेली. नाव अगदी चपखल. कारण आर्काना रुडिससारखीच दिसते, तिच्याच शेजारी राहते. फरक एकच: आर्कानाची मादी पिल्लं देत नाही, खडकाच्या ओल्या फटीत जेलीसारख्या गोळ्यात अंडी घालते.

आता अडचण बघा. मादी ओळखायची तर उघडून बघावं लागणार, आत पिल्लांची पिशवी आहे की जेली बनवणारी ग्रंथी. आणि नर? नर जवळपास सारखेच. म्हणजे समोर शंभर गोगलगायी ठेवल्या तर निम्म्यांबद्दल तुम्ही खात्रीने काहीच सांगू शकत नाही. आणि मूळ प्रश्न तसाच राहतो: या दोघींचं आपसात लग्न होतं का? होत असेल तर नुसत्या अंडी-पिल्लांवरून दोन प्रजाती कशा म्हणायच्या?

इथे कोर्टात एक नवा साक्षीदार आला. प्रथिनं, म्हणजे प्रोटीन.

आईची खळ आणि नोबेलवाला मुलगा

थोडं मागे जाऊया. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन घेतलं, त्यात वीज सोडली आणि दाखवलं की ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकतं. गडचिरोली किंवा नंदुरबारचे श्रोते असतील तर त्यांना ही टेस्ट माहीत असेल. तिथे सिकलसेलच्या तपासणीत 'इलेक्ट्रोफोरेसिस' हा शब्द आजही ऐकू येतो. तत्त्व सोपं आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेतला एक मणी बदलला की तिच्यावरचा विद्युतभार बदलू शकतो. भार बदलला की विजेच्या ओढीने ती कमी-जास्त सरकते. आणि माळ कशी ओवायची हे जनुक ठरवतं. म्हणजे प्रथिन किती सरकलं हे पाहून तुम्ही जनुकात डोकावता, डीएनएला हात न लावता.

पण ही प्रथिनं सरकवायची कशात? कागदावर ती चिकटून फराटे उमटायचे. कॅनडात टोरांटोला ऑलिव्हर स्मिथीज नावाचे शास्त्रज्ञ इन्सुलिनवर काम करत होते आणि याच फराट्यांनी वैतागले होते. त्यांना लहानपण आठवलं. आई कपड्यांना खळ करायची, आणि ती खळ थंड झाली की घट्ट, जेलीसारखी व्हायची. बस! त्यांनी स्टार्च शिजवलं, साच्यात ओतलं, थंड केलं आणि त्यातून प्रथिनं सोडली. फराट्यांच्या जागी स्वच्छ पट्ट्या आल्या. हे प्रसिद्ध झालं 1955 मध्ये. याच स्मिथीजना पुढे 2007 मध्ये वेगळ्याच कामासाठी नोबेल मिळालं. आपल्या आजीने सुती साडीला घातलेली खळ आणि ही जेल, सामान तेच बरं का.

1957 मध्ये हंटर आणि मार्कर्ट यांनी अजून एक युक्ती जोडली. जेलमध्ये हजारो प्रथिनं असतात, हवं ते एकच कसं दिसणार? त्यांनी एन्झाइमलाच कामाला लावलं. ते एन्झाइम ज्या पदार्थावर काम करतं तो पदार्थ आणि एक रंग जेलवर ओतायचा. जिथे एन्झाइम आहे तिथेच रंग उमटतो. आणि मग 1966 मध्ये शिकागोत हबी आणि लेवॉन्टिन यांनी हेच तंत्र फळमाश्यांवर वापरलं आणि सगळ्यांना धक्का दिला. एकाच प्रजातीत, एकाच वस्तीत, तपासलेल्या जनुकांपैकी सुमारे 30 टक्के जनुकांची एकाहून जास्त रूपं सापडली. इतकी विविधता असेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरी हॅरिस यांनी माणसांतही असंच दाखवलं. त्यानंतर जगभरातल्या प्रयोगशाळांनी जे हाती लागेल ते जेलवर चढवायला सुरुवात केली. मासे, सरडे, उंदीर. आणि अर्थात, गोगलगायी.

रात्रभर वीज, सकाळी जांभळ्या पट्ट्या

कल्पना करा. किनाऱ्यावरून जिवंत गोगलगायी आणल्या. आधी कवच मोजलं, मग उघडून मादी-नर, पिशवी-ग्रंथी सगळं लिहून ठेवलं. मग मांसाचा छोटा तुकडा थंडगार ठेवून कुस्करायचा, कारण गरम झालं की एन्झाइम मेलं. तो रस कागदाच्या छोट्या कपट्याने टिपायचा आणि कपटा जेलच्या फटीत उभा करायचा. एका ओळीत वीस-तीस गोगलगायी. काही तास किंवा रात्रभर वीज. मग जेलचे ढोकळ्यासारखे आडवे पातळ काप करायचे आणि प्रत्येक कापावर वेगळ्या एन्झाइमचा रंग. थोड्या वेळात जांभळ्या-निळ्या पट्ट्या वर येतात.

आता त्या पट्ट्या वाचायच्या कशा? हीच खरी गंमत आहे, म्हणून सावकाश सांगते.

प्रत्येक गोगलगायीला जनुकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून मिळते. समजा एका एन्झाइमची दोन रूपं आहेत, जलद आणि मंद. आईकडून जलद, बापाकडून मंद मिळालं तर त्या पिल्लाच्या रांगेत दोन्ही पट्ट्या दिसतात, काही एन्झाइमांत मधे तिसरीही. आता एकाच खडकावरच्या शंभर गोगलगायी घेतल्या. निम्म्यांत फक्त जलद, निम्म्यांत फक्त मंद आणि मिश्र एकही नाही. याचा अर्थ? शेजारी राहूनही या दोन गटांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झालेली नाहीत. दोन प्रजाती. आणि मिश्र भरपूर असतील, तर कवचं कितीही वेगळी दिसोत, घर एकच.

मला हे फार आवडतं. कवच सांगतं की गोगलगाय कुठल्या परिस्थितीत जगली. पट्ट्या सांगतात की तिचे आईबाप कोण. सरांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची ही पद्धत होती, फक्त माझ्या डबीत रिकामे शंख होते.

निकाल काय लागला?

नायग्रोलिनिएटाच्या बाबतीत प्रथिनांनी साथ दिली: हो, ही वेगळी. नेग्लेक्टाची गोष्ट मजेशीर. ही बुटकी, काही मिलिमीटरची, खडकाला चिकटलेल्या बार्नेकलच्या रिकाम्या घरात राहणारी. नेग्लेक्टा म्हणजे दुर्लक्षित. 1990 मध्ये केर्स्टिन योहानेसन आणि बो योहानेसन यांनी तिची प्रथिनं तपासली. ती शेजारच्या सॅक्सॅटिलिसशीच जुळत होती. वाद लगेच मिटला नाही, पण आज नेग्लेक्टाला सॅक्सॅटिलिसचंच बुटकं रूप मानतात. स्वीडन आणि स्पेनमधल्या त्या खेकडावाल्या जाड आणि लाटावाल्या पातळ गोगलगायींचंही तेच. दिसायला दोन टोकं, तरी प्रथिनांच्या हिशेबात एकाच किनाऱ्यावरची दोन रूपं एकमेकींच्या जवळची.

आणि आर्काना? 1980 मध्ये वॉर्ड आणि वॉरिक यांनी आर्काना आणि रुडिस समोरासमोर ठेवल्या. अपेक्षा काय होती? एखादी तरी पट्टी सापडेल जी फक्त आर्कानात असेल. तशी ठसठशीत पट्टी मिळालीच नाही. फरक होता तो प्रमाणाचा: हे रूप इथे जास्त, तिथे कमी. दोघी वेगळ्या आहेत, पण इतक्या अलीकडे वेगळ्या झाल्यात की प्रथिनांना सगळं सांगता येत नाही. अंड्यांवरून ठरलेली गोष्ट पट्ट्यांनी नाकारली नाही, पण शिक्काही मारला नाही.

1988 चा उन्हाळा

आता साक्षीदाराचीच उलटतपासणी.

या सगळ्या पद्धतीमागे एक गृहीतक होतं. 1968 मध्ये जपानच्या मोतू किमुरा यांनी मांडलं होतं की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल तटस्थ असतात. म्हणजे जलद असो की मंद, प्राण्याला फरक पडत नाही. हे खरं असेल तर पट्ट्या उत्तम साक्षीदार, कारण त्यांचा कुठल्याच बाजूला हितसंबंध नाही.

पण स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर योहानेसन मंडळींना एक एन्झाइम खटकत होतं. अस्पार्टेट अमिनोट्रान्सफरेज. नाव अनोळखी वाटलं? घरातल्या कुणाचा लिव्हरचा रिपोर्ट काढून बघा, त्यात 'एसजीओटी' लिहिलेलं असतं. तेच हे. एकाच खडकावर, खालच्या पट्ट्यात या एन्झाइमचं एक रूप जास्त, वर जिथे फक्त शिंतोडे पोचतात तिथे दुसरं जास्त. मधलं अंतर काही मीटर. आणि बाकीची एन्झाइमं असा कल दाखवत नव्हती.

मग 1988 च्या मे-जूनमध्ये त्या समुद्रात एका विषारी सूक्ष्म शैवालाचा प्रचंड फुलोरा आला. नॉर्वेत मत्स्यशेतीचे पिंजरे ओढून दुसरीकडे न्यावे लागले. खडकांच्या खालच्या पट्ट्यातल्या गोगलगायी मेल्या. वरच्या, पाण्याबाहेरच्या, वाचल्या.

किनाऱ्यासाठी ही आपत्तीच होती. पण केर्स्टिन योहानेसन आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की निसर्गाने त्यांच्यासाठी प्रयोग मांडलाय. खालची रिकामी जागा हळूहळू वरून उतरलेल्या गोगलगायींनी भरायला घेतली. म्हणजे सुरुवातीला खालीसुद्धा 'वरचं' रूपच जास्त असणार. एन्झाइम तटस्थ असेल, तर ते प्रमाण तसंच राहायला हवं. पण सुमारे अडीच वर्षांत, गोगलगायींच्या दोन पिढ्यांत, खालच्या पट्ट्यातलं प्रमाण पुन्हा फुलोऱ्याआधीच्या आकड्याकडे परत गेलं. 1995 मध्ये हे प्रसिद्ध झालं. खाली ते एक रूप टिकतं, दुसरं मागे पडतं. म्हणजे नैसर्गिक निवड थेट त्या जनुकावर, किंवा त्याच्या अगदी शेजारी, काम करत होती.

थोडक्यात, साक्षीदार पूर्ण तटस्थ नव्हता. समजा एखाद्या अभ्यासकाकडे फक्त हेच एन्झाइम असतं. त्याने खालच्या-वरच्या गोगलगायी पाहिल्या असत्या आणि म्हटलं असतं, "बघा, दोन प्रजाती!" आणि 114 वं नाव जन्माला आलं असतं.

म्हणून या क्षेत्राने धडा घेतला. एका पट्टीवर निकाल देऊ नका. बरीच एन्झाइमं पाहा, कवच पाहा, आतली रचना पाहा, अंडी की पिल्लं ते पाहा. 1996 मध्ये लंडनच्या डेव्हिड रीड यांनी या सगळ्या पुराव्यांवर लिटोरिनाचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि नावांचं ते जंगल साफ झालं. याच रीड यांनी त्याआधी, 1986 मध्ये, आपल्या बाजूच्या म्हणजे हिंदी-प्रशांत महासागरातल्या खारफुटीवरच्या चुलतबहिणींचा अभ्यास केला होता. तिथे चूक बरोबर उलटी होती. 'स्कॅब्रा' या एकाच नावाखाली अनेक प्रजाती कोंबल्या गेल्या होत्या. या घराण्याच्या गोगलगायी कोकणच्या खडकांवर आणि खारफुटीत आजही आहेत.

आणि आर्कानाचं काय? 2024 च्या जानेवारीत 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला, यावेळी पूर्ण जीनोमचा. त्यात दिसलं की बाकी जीनोमवरून काढलेल्या वंशवृक्षात अंडी घालणाऱ्या आणि पिल्लं देणाऱ्या नीट दोन फांद्यांत बसतच नाहीत. पिल्लं देण्याशी जोडलेले सुमारे 50 तुकडे मात्र वेगळे उठून दिसतात, आणि ते बदल गेल्या लाखभर वर्षांत हळूहळू साठत गेलेत. 1980 मध्ये जेलवर ठसठशीत पट्टी का सापडली नव्हती ते आता कळतं. मोजक्या एन्झाइमांच्या जाळ्यात ते 50 तुकडे सापडणं म्हणजे लॉटरीच. वॉर्ड आणि वॉरिक यांनी जे दिसलं तेवढंच लिहिलं, ओढूनताणून पट्टी शोधली नाही. म्हणून त्यांचं काम आजही वाचता येतं.

जाता जाता. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी घरी जुन्या खोक्यात ती डबी शोधली. सापडली! तीन लेबलं अजून चिकटलेली होती. मी ती काढली नाहीत. प्रत्येक नावापुढे पेनने एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि डबी टेबलावर ठेवली. सर, ऐकत असाल तर उत्तर द्यायला थोडा उशीर झाला.

तुम्ही पुढच्या वेळी ओहोटीला खडकांवर गेलात तर खाली बसून बघा. जिवंत काही उचलू नका, फोटो काढा. खालच्या आणि वरच्या गोगलगायी सारख्या दिसतात का, मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, ऐकत राहा!